अल्पमतातले गोखले

परभणीतल्या कुठल्याही तलाठी सज्जावर सातबारा काढायला आलेल्या शेतकऱ्याला 'भोगवटादार वर्ग-२' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन त्याच्या नावावर असते, कसतोही तोच, पण विकायची वेळ आली की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा आडवा येतो. यातल्या कित्येक जमिनींना अजूनही 'नवीन शर्तीची' म्हणतात. या नवीन शर्तीचा माग काढत मागे गेले, तर वाट १९०१ सालच्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात पोचते. त्या वर्षी तिथे या शर्तीवरून एवढे रण पेटले की फिरोजशहा मेहता आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून चालते झाले. उठून गेलेल्यांत पस्तिशीतला एक कॉलेजशिक्षक होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

त्या काळी परभणी निजामाच्या राज्यात होती आणि मुंबईत झालेला कायदा इथे लागू होत नव्हता. पुढे १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेने साऱ्या राज्याला एकच महसुली भाषा दिली. ज्या वादात इथल्या कुणालाही तोंड उघडायची संधी नव्हती, त्या वादातला शब्द अशा रीतीने इथल्या बांधावर आला.

गोखल्यांची आपल्याकडे आठवण राहिली आहे ती दोन गोष्टींपुरती. शाळेत गणिताचे उत्तर दुसऱ्याच्या मदतीने काढले म्हणून बक्षीस नाकारणारा मुलगा, आणि गांधीजींचे राजकीय गुरू. या दोहोंच्या मधला माणूस, म्हणजे १८९९ पासून १९१५ पर्यंत कायदेमंडळात बसलेला लोकप्रतिनिधी, फारसा कुणाला ठाऊक नाही. खरे तर त्यांच्या आयुष्याचे मोठे काम तिथेच झाले. ज्या सभागृहात सरकारचे बहुमत आधीच ठरलेले होते, तिथे त्यांनी सोळा वर्षे वाद घातला. काही वेळा त्यांना हवे ते मिळाले, बहुतेक वेळा नाही. दोन्हीचा हिशेब मांडण्यासारखा आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कोल्हापूरच्या बाजूला कागलला नोकरीत होते. १८७९ मध्ये ते गेले आणि घर थोरल्या भावावर, गोविंदरावांवर आले. गोविंदरावांना महिना १५ रुपये पगार मिळे. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. गोपाळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८८४ मध्ये बी. ए. झाला. एका माणसाच्या शिक्षणाला घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताटातले किती द्यावे लागते, हे त्याने अगदी जवळून पाहिले होते. सक्तीच्या मोफत शिक्षणासाठी पुढे त्यांनी जी तळमळ दाखवली, तिचे मूळ मला तरी त्या आठ रुपयांत दिसते.

पुण्यात ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे लागेल ते शिकवत राहिले. पगार महिना ७५ रुपये. अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. पण त्यांची खरी शाळा भरत होती ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या घरी. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कामासाठी सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, खानेसुमारीचे ग्रंथ चाळायचे, त्यातून निवेदन लिहायचे, ते रानड्यांना दाखवायचे आणि त्यांच्या समाधानाला उतरेपर्यंत पुन्हा लिहायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

एकदा तरुण गोखल्यांनी रानड्यांपुढे तक्रार केली. एवढ्या कष्टाने निवेदन तयार करावे आणि सरकारने दोन ओळींत पोच देऊन मोकळे व्हावे, मग या खटाटोपाचा उपयोग काय? रानड्यांनी त्यांना समजावले की ही निवेदने नावापुरती सरकारला लिहिलेली असतात. ती खरी लिहिलेली असतात लोकांसाठी, या विषयांवर विचार कसा करायचा हे त्यांना कळावे म्हणून. हा प्रसंग गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. सभागृहातल्या त्यांच्या साऱ्या भाषणांची किल्ली या प्रसंगात आहे. समोर बसलेले इंग्रज अधिकारी मत बदलणार नाहीत, हे ठाऊक असूनही ते भाषण असे तयार करीत की वर्तमानपत्रात ते वाचणाऱ्या शिक्षकाला, वकिलाला, कारकुनाला देशाचा जमाखर्च उलगडावा.

आकड्यांचा हा आग्रह आणखी पक्का झाला तो एका कटू अनुभवाने. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाबाबत साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले होते. साक्ष उत्तम झाली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची घरझडती चालू होती आणि गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना मित्रांकडून येत होती. गोखल्यांनी ती हकीकत तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. पार्लमेंटात गदारोळ झाला. ते परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुरावा घेऊन पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी मित्रांची नावे उघड केली नाहीत. सरकारची जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, भित्रेपणाचा शिक्का बसला आणि काँग्रेसच्या व्यासपीठावरही काही काळ त्यांना मागे राहावे लागले. सार्वजनिक आयुष्य इथेच संपले असे वाटावे अशी ती वेळ होती. त्यानंतर कागदावर पुरावा नसलेले एक वाक्यही त्यांनी सभागृहात उच्चारले नाही, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

दोन वर्षांनी, १८९९ च्या अखेरीस, ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले.

'निवडून आले' म्हणताना आजचे चित्र डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळांत थोडे जास्त बिनसरकारी सभासद घेण्याची सोय केली होती. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांनी नावे सुचवायची आणि सरकारने ती मान्य करायची, अशी ती आडवळणाची निवडणूक होती. सभासदाला प्रश्न विचारता येत, पण उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण त्यावर मतदान होत नसे. विधेयकांवर मत देता येई, पण सरकारी सभासदांची संख्या नेहमी जास्त. निजामाच्या राज्यात १८९३ मध्ये कायदेमंडळ स्थापन झाले खरे, पण परभणीच्या रयतेला मत देऊन कुणाला तिथे पाठवता येत नव्हते. तो दिवस उजाडायला १९५२ ची हैदराबाद विधानसभेची निवडणूक यावी लागली.

मुंबई इलाख्यात ते दिवस भयंकर होते. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याला जोडून प्लेग आणि मग १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडी 'छप्पन्नाचा' म्हणून राहिलेला दुष्काळ. शेतसाऱ्याची थकबाकी डोंगराएवढी वाढली होती. सारा थकलेल्या शेतकऱ्याची जमीन सरकारजमा करण्याचा अधिकार सरकारकडे होताच. १९०१ च्या विधेयकाने सरकारला आणखी एक अधिकार हवा होता. अशी जमीन पुन्हा लागवडीला देताना ती विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, अशी अट घालण्याचा. सरकार म्हणत होते की यामुळे शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटेल.

गोखल्यांनी या युक्तिवादाचा एकेक धागा सोडवला. ज्या जमिनीवर कर्ज मिळत नाही, त्या जमिनीच्या मालकाला पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसा कोण देणार? सावकार नको असेल तर त्याच्या जागी दुसरी पतपुरवठ्याची सोय उभी करा, मग अट घाला. शेतकऱ्याला कर्जातून सोडवण्याची मनापासून इच्छा असेल, तर सरकारने एखादा लहान टापू निवडावा, तिथली सावकारी कर्जे स्वतः फेडून घ्यावीत आणि प्रयोग करून पाहावा. पण दुष्काळाने नाडलेल्या माणसाची जमीन ओढून घेऊन त्याला सरकारचे कूळ बनवणे म्हणजे त्याची सुटका नव्हे.

मेहतांनी सुचवले होते की घाई करू नका, विधेयक लोकमतासाठी फिरवा. ती सूचना सरकारी बहुमताने फेटाळली. मेहता उठले आणि त्यांच्या मागोमाग भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि गोखले बाहेर पडले. आज सभात्याग ही रोजची बातमी आहे. त्या काळच्या सरकारी मंडळींना तो उद्दामपणाचा कळस वाटला. गोखल्यांचा स्वभाव मुळात असा नव्हता. आपण हे मोठ्या नाइलाजाने करीत आहोत, असे ते सांगून गेले होते.

विधेयक अर्थातच मंजूर झाले. सव्वाशे वर्षांनंतर या वादाकडे पाहताना एक गोष्ट मान्य करायला हवी. हस्तांतराच्या बंदीमुळे पुढच्या काळात कितीतरी भूमिहीनांना, दलितांना मिळालेली जमीन धनदांडग्यांच्या घशात जाण्यापासून वाचली. सरकारचा मुद्दा सगळाच पोकळ नव्हता. पण गोखल्यांचा प्रश्नही तितकाच खरा ठरला. अशा जमिनीवर बँकेचे कर्ज काढताना आजही शेतकऱ्याचे जोडे झिजतात आणि परवानगीचा कागद महिनोन्‌महिने टेबलावरून टेबलावर फिरतो.

१९०१ च्याच जानेवारीत रानडे गेले होते. वर्ष संपता संपता फिरोजशहांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातली आपली जागा सोडली आणि मुंबई इलाख्याच्या बिनसरकारी सभासदांनी तिथे गोखल्यांना पाठवले. साऱ्या देशाच्या त्या मंडळात निवडून गेलेले सभासद मोजून पाच: मद्रास, मुंबई, बंगाल आणि वायव्य प्रांत यांचे एकेक, आणि एक कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाचा.

अंदाजपत्रकावरचे त्यांचे पहिले भाषण २६ मार्च १९०२ चे. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. खजिन्यात मोठी शिल्लक पडल्याबद्दल सगळे जण अर्थखात्याचे अभिनंदन करीत होते. गोखले उभे राहिले आणि म्हणाले की या अभिनंदनात मला सामील होता येत नाही.

शिल्लक असणे वाईट कसे, हे समजण्यासाठी थोडा जमाखर्च पाहावा लागतो. हिंदुस्थान सरकारला दरसाल इंग्लंडात मोठा खर्च पौंडांत भागवावा लागे. चांदी स्वस्त झाली तसा रुपयाचा भाव घसरत गेला आणि १८९५ च्या सुमारास तेरा पेन्सांवर आला. तेवढाच खर्च भागवायला जास्त रुपये लागू लागले, म्हणून सरकारने कर वाढवले. टांकसाळी खुल्या नाण्याला बंद केल्याने पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. गरज कमी झाली, पण वाढवलेले कर तसेच राहिले. गोखल्यांचे म्हणणे सरळ होते. ही शिल्लक देशाच्या भरभराटीतून आलेली नाही, दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्यामुळे आलेली आहे. सरकारी खजिना भरलेला आणि रयतेची कणगी रिकामी, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे त्यांनी सरकारच्याच अहवालांतल्या आकड्यांनी दाखवून दिले.

यात मिठाचा मुद्दा सर्वांत धारदार होता. १८८८ पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ ही अशी वस्तू की गरिबाला ती टाळता येत नाही आणि श्रीमंताला ती जास्त लागत नाही. म्हणजे उत्पन्नाच्या मानाने सर्वांत मोठा कर भरणारा माणूस सर्वांत गरीब. खपाचे आकडे देऊन गोखल्यांनी दाखवले की कर वाढल्यापासून लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढलेला नाही. लोक भाकरीतले मीठ तोडत आहेत.

इथे परभणीचा संबंध थेट येतो. किनाऱ्यावरच्या मिठावर कर भरला जाई तो मिठागरातच. तिथून ते बैलांच्या पाठीवर किंवा आगगाडीने कुठेही जावो, कर त्याच्या किमतीत बसलेला असे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास परभणीवरून सुरू झाला. कोकणपट्टीचे जे मीठ घाटावरून निजामाच्या मुलखात उतरे, त्याचा कर इथली रयत इंग्रज सरकारला भरत होती आणि त्या सरकारच्या सभागृहात तिचा कुणीही माणूस नव्हता. गोखले मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी होते. पण मिठावर बोलताना ते या रयतेच्याही वतीने बोलत होते.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, कर अडीचाचा दोन रुपये झाला. १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. प्राप्तिकर ज्या उत्पन्नापासून सुरू होई ती मर्यादाही १९०३ मध्ये ५०० वरून १००० रुपयांवर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. काँग्रेस वर्षानुवर्षे हीच मागणी करीत होती आणि खजिन्यात शिल्लक होतीच. पण सरकारला नकार देणे अवघड जावे अशा रीतीने ती मागणी मांडली गोखल्यांनी, आणि एक वर्ष मांडून ते थांबले नाहीत. दर मार्चमध्ये ते तोच धागा नव्या आकड्यांनी पुन्हा उचलीत.

हे आकडे कुठून येत? रानड्यांच्या पश्चात त्यांचा मोठा आधार होते गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरचे हेडमास्तर. सरकारी अहवालांच्या जंगलातून नेमकी वाट काढणारा असा जाणकार त्या काळी महाराष्ट्रात दुसरा नव्हता. अंदाजपत्रक हाती आले की गोखले जोशींना पत्रे लिहीत, आकडे विचारीत, शंका काढीत. कलकत्त्याच्या दिमाखदार सभागृहात अर्थसचिवाला निरुत्तर करणाऱ्या भाषणामागे सोलापूरच्या एका शिक्षकाची मेहनत होती, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. गोखल्यांनी स्वतः हे ऋण कधी लपवले नाही.

१९०२ मध्येच त्यांनी फर्ग्युसन कॉलेज सोडले. निवृत्तिवेतन महिना ३० रुपये. यानंतर सार्वजनिक काम हाच पूर्णवेळचा व्यवसाय. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला आणि हरले. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. इंग्लंडला वारंवार जाऊन भारतमंत्री मोर्ले यांच्याशी त्यांनी सुधारणांबाबत बोलणी केली. १९०९ च्या सुधारणा आल्या त्या अपेक्षेपेक्षा तोकड्या होत्या आणि स्वतंत्र मतदारसंघांचे विष त्यांत होते. पण सभासदाच्या हाती एक नवे हत्यार आले. आता ठराव मांडता येत होता, त्यावर मतदान मागता येत होते.

गोखल्यांनी ते लगेच वापरले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला की दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी हिंदुस्थानात करारबंद मजूर भरती करण्यास बंदी घालावी. १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी इथून माणसे नेली जात. पाच वर्षांचा करार, तो मोडला तर तुरुंग, आणि करार संपल्यावर तिथेच राहायचे म्हटले तर १८९५ च्या कायद्यानुसार माणशी दरसाल तीन पौंड कर. मजूर हवा पण नागरिक नको, असा तो व्यवहार होता. गांधीजींचा लढा तिथे चालू होता आणि गोखले इथे त्याचा आवाज होते. सरकारने ठराव स्वीकारला. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. १९१२ मध्ये करारबंद मजुरीची पद्धतच सर्वत्र रद्द करा, असा ठराव त्यांनी आणला. तो मात्र फेटाळला गेला. पद्धत मोडली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आणि मग ते विधेयक, ज्यासाठी ते सर्वांत जास्त झटले.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत असा ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. वर्षभर वाट पाहून १६ मार्च १९११ रोजी स्वतःच विधेयक आणले. जगाचा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकूण लोकसंख्येच्या २१ टक्के मुले प्राथमिक शाळेत होती, ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्के. लोक मागास आहेत म्हणून शाळा चालत नाहीत, हा सरकारचा बचाव खोडायला त्यांना दूर जावे लागले नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला होता. एका देशी संस्थानिकाला जमते ते साम्राज्याला का जमू नये?

विधेयक वाचताना त्यातली सावधगिरी नजरेत भरते. सक्ती साऱ्या देशावर एकदम नाहीच. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल, तिने सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत लागू करावी. तीही जिथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच. सुरुवात सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपासून. मुलींना पुढे लागू करता येईल. महिना दहा रुपयांपेक्षा कमी कमावणाऱ्या आईबापांच्या मुलांना फी नाही. हजेरी पाहायला शाळा-उपस्थिती समित्या. मूल पाठवले नाही तर आईबापांना किरकोळ दंड. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने उचलावा, दोन तृतीयांश सरकारने.

मुलींना पहिल्या टप्प्यातून वगळणे आज खुपते. खुपायलाच हवे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढून तेव्हा साठ वर्षे उलटली होती आणि जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणीही नोंदवली होती. गोखल्यांना ठाऊक होते की विधेयक जितके मोठे तितके ते लवकर पडेल, म्हणून त्यांनी ते कापत कापत लहान केले. तरीही ते पडलेच.

विरोधक एकाच गोटातले नव्हते. प्रांतिक सरकारांना खर्चाची धास्ती होती. जमीनदारांना शेतावर राबणारी मुले हातची जातील याची भीती होती. नवा शिक्षणकर बसेल म्हणून मध्यमवर्गातूनही कुरकुर होती. पाठीशी उभे राहिले ते मदनमोहन मालवीय, महंमद अली जीना यांच्यासारखे सभासद. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाखांचे अनुदान जाहीर करून सरकारने आपली बाजू सावरली होती. पैसा देऊ, पण हक्क नको, असा त्याचा अर्थ होता.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा चालली. मागणी एवढीच होती की विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे. उत्तराच्या भाषणात गोखल्यांनी सांगितले की निकाल मला आरंभीच ठाऊक होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा प्रामुख्याने अपयशांतूनच करणे आले आहे. यशाने सेवा करणारी माणसे मागून येतील. मतदान झाले. बाजूने १३, विरुद्ध ३८.

त्यानंतर तीनच वर्षांचे आयुष्य उरले होते आणि तेही मधुमेहाने पोखरलेले. त्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, सरकारी नोकऱ्यांबाबतच्या आयोगावर काम केले, 'सर' ही पदवी देऊ केली ती नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय ४८ होते. आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेले टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि जमलेल्या लोकांपुढे गोखल्यांच्या देशसेवेबद्दल आदराने बोलले.

पडलेल्या विधेयकाची पुढची वाटचाल मात्र थांबली नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. गोखले ज्या गावात शिकले तेच हे कोल्हापूर. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात नगरपालिकांसाठी जवळजवळ त्याच साच्याचे विधेयक मंजूर करून घेतले. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचा निर्देश दिला, २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलगा-मुलगी भेद नाही, फी नाही, उत्पन्नाची अट नाही.

कायद्याच्या पुढचे काम गावात आहे. सोनपेठ आणि गंगाखेड तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुलांना बरोबर नेतात, कारण मागे सांभाळायला कुणी नसते. म्हातारे आजीआजोबा असले तर मूल गावात राहते. नसले तर कोपीवर जाते, धाकट्याला राखते, वाढे गोळा करते. त्यासाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालवण्याची सोय आहे. ते हंगाम सुरू होण्याआधी उघडले, जेवणाचा पैसा वेळेवर आला आणि शाळा व्यवस्थापन समितीने घरोघरी जाऊन यादी केली, तर मूल थांबते. टोळी निघून गेल्यावर उघडले तर थांबत नाही. मूल न पाठवणाऱ्या आईबापांना दंड करण्याचे गोखल्यांचे कलम २००९ च्या कायद्यात ठेवलेले नाही. मूल शाळेत येईल हे पाहण्याची जबाबदारी आता सरकारवर आणि स्थानिक संस्थेवर टाकली आहे. परभणीत याचा अर्थ जिल्हा परिषद, आणि तिचे सभासद इथलेच मतदार निवडून देतात.